संशोधनासाठी सरकारी पैसा मागायचा कसा: जळगावच्या लेथवाल्याचं सांगणं

आपला देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास खर्च करतो, दक्षिण कोरिया जवळपास ५ टक्के. आहे तो पैसा तरी खान्देशात यावा, म्हणून लिहितोय.

२०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेला १ लाख कोटींचा निधी ऐकून हुरळू नका. तो मुख्यतः कमी व्याजाचं कर्ज, तेही प्रयोगाच्या बऱ्याच पुढे गेलेल्या प्रकल्पांना. आपल्यासारख्याने केंद्र सरकारची 'निधी-प्रयास' योजना पाहावी. नमुना यंत्र बनवायला १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, पण ते इन्क्युबेशन केंद्रामार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना जागा, यंत्रं आणि सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत. ही योजना चालवणाऱ्या केंद्रांना प्रयास केंद्रं म्हणतात. म्हणून आधी प्रयास केंद्रांची यादी काढा आणि अर्ज कधी घेतात ते विचारा.

खरी मेहनत अर्जातल्या 'समस्या' या रकान्यावर. तिथे 'क्रांतिकारी यंत्र' लिहिलं की वाचणारा पान उलटतो. रावेर-यावलच्या केळीचंच घ्या. घड कापला की खोड उरतं, ते बांधावर ओढायला मजूर लावावे लागतात, आणि चिकाचा डाग कपड्यावरून जन्मात जात नाही. खोडाचा धागा निघतो, त्याचं यंत्रही आहे. पण साध्या यंत्रात कामगार पट्टी हाताने आत सारतो, अर्धी सोलली की मागे ओढतो, मग उलटून दुसरं टोक घालतो. बोटं फिरत्या ड्रमच्या तोंडाशी. 'पट्टी रोलरने आत जाईल, हात बाहेर राहील', एवढं एक वाक्य लिहा. खाली एकरी किती खोडं, मजुरी किती, तासाला धागा किती, हे स्वतः बागेत उभं राहून मोजलेले आकडे द्या. गुगलवरचे आकडे परीक्षक ओळखतात.

कृषी प्रदर्शनात यंत्र मांडायची घाई करू नका भाऊ. आधीच लोकांसमोर मांडलं तर पेटंट हातचं जाऊ शकतं. म्हणून आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज टाका. एकट्या माणसाला ऑनलाइन फी १६०० रुपये. पुढे १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो.

मुलाखतीला धाग्याची लड आणि खोडाचा ताजा तुकडा न्या. समोरच्यांपैकी काहींनी केळी फक्त फळवाल्याच्या गाडीवर पाहिलेली असतात.

पैसा हप्त्याने येतो. वेगळं बँक खातं उघडा, मोठ्या खरेदीला तीन कोटेशनं घ्या, बिलावर जीएसटी क्रमांक बघूनच पैसे द्या. पुढच्या हप्त्याआधी सीएचा विनियोग दाखला, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा कागद मागतात, आणि भंगारवाल्याकडून रोखीत आणलेली मोटर त्यात बसवता येत नाही.