पद्मिनीचं पेडल मऊ लागतंय? हवा काढण्याआधीची तयारी

प्रीमियर पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. जुन्या गाड्यांना बूस्टरही (पायाचा जोर वाढवणारा भाग) नाही, त्यामुळे ब्रेकमध्ये काय बिघडलंय ते पेडल थेट पायाला सांगतं. पेडल मऊ लागलं की आपण आधी निपलला (चाकामागच्या हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) पाना लावतो आणि ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला बसतो. मीही तेच करायचो. आता पाना हातात घेण्याआधी गाडी अंगणात सपाटीवर लावून दहा मिनिटं नुसतं पेडल दाबून बघतो.

‘मऊ’ या एका शब्दात तीन वेगळे आजार दडलेले असतात. पेडल खाली जातं, पण दोन-तीन पंप मारले की वर येऊन कडक होतं, तर बहुतेक वेळा शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी कमानीसारखी पट्टी) आणि ड्रममधलं अंतर वाढलेलं असतं. हँडब्रेक ओढून परत दाबून पाहा. पेडल वर आलं तर मागची चाकं ॲडजस्ट करायची आहेत. पेडल स्पंजासारखं दबतं आणि पाय उचलला की उसळी मारतं, तर हवेचा संशय घ्यायचा. आणि दाबून धरल्यावर हळूहळू जमिनीकडे सरकतं, तर कुठेतरी गळती आहे नाहीतर मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाचे) रबर आतून दाब सोडतायत. हा तिसरा प्रकार असेल तर गाडी गल्लीच्या टोकापर्यंतही न्यायची नाही. जुन्या सिंगल सर्किटच्या, म्हणजे चारही चाकांना ऑइलची एकच वाट असलेल्या गाडीत एका ठिकाणी दाब गेला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

सामान आदल्या दिवशीच जमवायचं. ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली हवी. गेल्या पावसाळ्यात उघडलेली अर्धी बाटली चालणार नाही, कारण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) कोरडं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ती मर्यादा १४० पर्यंत उतरते. घाटउतारावर तापलेल्या ड्रममध्ये हा फरक पायाला कळतो. निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, काचेची बरणी, रिंग पाना (साध्या पान्याने निपलच्या कडा जातात), जॅक, दोन मजबूत स्टँड, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, चिंध्या आणि बादलीभर पाणी. पाणी अशासाठी की ब्रेक ऑइल रंग खातं. माझ्या डाव्या मडगार्डवर त्याची एक खूण कायमची आहे. निपलवर गंज सोडवणारं तेल रात्रीच मारून ठेवा. सकाळी जोर लावून निपल तुटलं की रविवार संपला. व्हील सिलिंडरचे (चाकात शूला ढकलणाऱ्या भागाचे) रबर घ्यायचे असतील तर जुना तुकडा खिशात टाकून पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जा. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची, पण तिथेही नुसतं गाडीचं नाव सांगून योग्य माप मिळेलच असं नाही.

गाडी स्टँडवर चढली की आधी नजर फिरवायची: मास्टर सिलिंडरखाली ओल, लोखंडी नळ्यांवर गंज, टायरच्या आतल्या बाजूला ओघळ. कुणाला तरी पेडल दाबायला सांगून रबरी होज मुठीत धरा. हाताला फुगल्यासारखा लागला तर तो संपला. मग ॲडजस्टर सैल करून ड्रम उतरवा. आतली धूळ फुंकायची नाही की हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओल्या फडक्यानेच पुसा. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल दिसते का पाहा. ऑइलने भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, दोन्ही बाजूंचे शू बदला. आणि ड्रम उतरवलेला असताना कुणी पेडलवर पाय ठेवला तर पिस्टन बाहेर येतात. घरातल्या मुलांना तेवढा वेळ गाडीपासून लांब ठेवा.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ते. एका गॅरेजमध्ये ड्रम लेथवर मारून (आतून कातून) नवे शू बसवले आणि पेडल पहिल्यापेक्षा मऊ झालं. दोन बाटल्या ऑइल गेलं, मास्टर सिलिंडर बदलला, नळीत बुडबुडा दिसेना, पण पेडल तसंच. दोष हवेचा नव्हताच. ड्रम मोठा झाला होता आणि शूचा बाक जुन्या मापाचाच होता, त्यामुळे शू फक्त मध्यावर टेकत होता आणि पेडल दाबल्यावर धनुष्यासारखा वाकत होता. ड्रमला आतून खडू चोळा, शू दाबून फिरवा आणि लायनरवर पांढरं कुठे लागतं ते बघा. नुसत्या मधल्या पट्ट्यावर लागलं तर शू त्या ड्रमच्या बाकाला घासून घ्यावा लागतो. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असेल तर तोही तपासा. त्यापुढे गेलेला ड्रम भंगारात.

हे सगळं झाल्यावर शू ॲडजस्ट करा: चाक अडेपर्यंत आवळा, मग मोकळं फिरेल इतकंच सोडा. हवा काढायची वेळ आता येते. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. पेडलवर बसणाऱ्याशी शब्द आधीच ठरवून घ्या: ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’. निपल बंद झाल्याशिवाय ‘सोड’ म्हणायचं नाही. आमच्याकडे पेडलवर बायको बसते आणि ती मला ‘झालं का?’ विचारते, तेवढ्यात मी हमखास गडबडतो. पेडल पार तळाला नेऊ नका. जुन्या सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज असतो, तो रबर फाडतो. मास्टर सिलिंडरच्या टाकीतलं ऑइल दर पाच-सहा दाबांनंतर बघा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

गाडी खाली उतरवण्याआधी पेडल मिनिटभर दाबून धरा आणि कुणाला तरी टॉर्च घेऊन चारही चाकांमागे पाहायला लावा. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, पहिल्या गिअरमध्ये, एक हात हँडब्रेकवर ठेवून. परत आल्यावर चारही ड्रमजवळ तळवा न्या. एकच जास्त तापला असेल तर तो शू अजून घासतोय, त्याचा ॲडजस्टर थोडा सोडा.