गच्चीवर पोरींच्या घोळक्यात 'न्यू मून' कसा बघायचा

'ट्वायलाईट' या व्हॅम्पायरच्या इंग्रजी पिक्चर-मालिकेचा हा दुसरा भाग शांतपणे बघायचा असेल तर एकटीनं लॅपटॉपवर बघा. दहा-बारा पोरी गोळा करून बघणार असाल तर दंगा होणार, आणि खरी मजा त्या दंग्यातच आहे, कारण पिक्चरच्या निम्म्या वेळात हिरॉईन बेला नुसती तोंड पाडून बसलेली असते. सारखं 'श्श्श' करणाऱ्या माणसाला बोलवूच नका. पिक्चर २००९ चा, तेव्हा थेटरात किंचाळणाऱ्या आता मावश्या झाल्यात आणि भाच्या किंचाळतात, फरक एवढाच.

आधी टायमिंगचं बघा. सांगलीत मे महिन्यात साडेसातच्या आधी चादरीवर काही म्हणजे काही दिसत नाही, आणि रात्री दहानंतर स्पीकर लावायला बंदी. पिक्चर १३० मिनिटांचा. साडेसातला बटण दाबलं आणि मध्ये पंधरा मिनिटं सोडली की नऊ पंचावन्नला संपतो, म्हणजे पाच मिनिटं हातात, त्यामुळं 'थांब गं, ती येतीय अजून' असलं काही ऐकायचं नाही. शेजारच्या काकूंना दुपारीच सांगून ठेवा, जमलं तर त्यांनाही वर बोलवा, बोलवलेला माणूस तक्रार करत नाही. वळवाचा पाऊस कधीही येतो म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड उघड्यावर ठेवू नका, प्रोजेक्टरवर टाकायला मोठं प्लास्टिक हाताशी असू द्या. आणि सबटायटल लावाच, ओरडण्यात डायलॉग ऐकू येत नाहीत.

खायला भडंग, दुसरं काही डोक्यात आणू नका. फक्त कांदा-लिंबू आधी घालून ठेवायचं नाही, मऊ पडतो, ज्याचं त्यानं वाटीत घ्यायचं. आणि वाटी खोलगट पाहिजे. बेला मोटरसायकलवरून पडते, कपाळातून रक्त येतं, आणि तिचा मित्र जेकब ते पुसायला सरळ अंगातला टी-शर्टच काढतो, त्या क्षणाला ताटलीतला भडंग हवेत जातो. शेंगदाणे पुढच्या रांगेच्या केसात, कढीपत्ता चादरीवर, आणि लसणाची एक पाकळी कुणाच्या तरी मानेवरून आत. चहा तर या सीननंतरच द्यायचा, आधी अजिबात नाही.

या सीनला वन्स मोअर येणार. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं नाटक सुरू केलं त्या गावात पदांना वन्स मोअर घ्यायची सवय जुनीच आहे, तेव्हा नाही म्हणू नका, पण अख्ख्या पिक्चरला मिळून एकच असं आधीच ठरवा. नाहीतर दहाचा हिशोब गेला. (जेकबचं काम करणारा टेलर लॉटनर तेव्हा सतराच वर्षांचा होता, रोल हातचा जाऊ नये म्हणून त्यानं व्यायाम करून तेरा-चौदा किलो वजन वाढवलं होतं. मावश्यांनी जरा बेतानंच शिट्ट्या माराव्यात.)

बसायची सोय हा खरा नाजूक भाग. टीम एडवर्ड (म्हणजे बेलाच्या व्हॅम्पायर प्रियकराच्या चाहत्या) एका बाजूला, टीम जेकब दुसऱ्या बाजूला, मध्ये आज्ज्या आणि काकू. या भागात एडवर्ड सुरुवातीलाच बेलाला जंगलात सोडून निघून जातो, मग बराच वेळ धुरासारखा नुसता दिसतो न दिसतो, त्यामुळं त्याची टीम चिडलेली असते आणि समोरचे डिवचत राहतात. तो जातो तेव्हा मात्र एक-दोघी खरंच रडतात, तिथं हसायचं नाही. त्यानंतर बेला खुर्चीत बसलेली, कॅमेरा तिच्याभोवती फिरतो आणि खिडकीबाहेर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर जातात, एवढा एक सीन सगळ्यांनी गप्प बसून बघावा असं माझं मत आहे. बाकी काय ओरडायचं ते ओरडा.

पहिला भाग न बघितलेलं कुणीतरी असणारच. सुरू करायच्या आधी दोन मिनिटांत सांगून टाका: फोर्क्स नावाचं सतत पावसाचं गाव, बेलाचे वडील तिथले पोलीसप्रमुख, एडवर्ड व्हॅम्पायर पण माणसाचं रक्त पीत नाही, जनावरांचं पितो, आणि उन्हात जळत नाही, चमकतो. हे चमकणं नीट सांगा, कारण शेवटी इटलीत त्याला भर दुपारी लोकांसमोर उन्हात जायचं असतं, म्हणजे चमकून तो व्हॅम्पायर असल्याचं सगळ्यांना कळणार, आणि बेला त्याला अडवायला गर्दीतून धावत सुटते, ते कळलं नाही तर 'उन्हात गेला तर काय होतंय' हा प्रश्न नेमका तिथंच येतो. बाकी प्रश्नांना उत्तरं द्यायला एकच पोरगी नेमा आणि तिला आज्जीशेजारी बसवा. आमच्या आज्जींनी एडवर्डला बघून 'याच्या अंगात रक्त कमी आहे का गं?' विचारलं होतं, तिथून पुढची दहा मिनिटं कुणी पिक्चर बघितलाच नाही.

इंग्रजी पिक्चरला इंटरव्हल नसतो, आपणच घ्यायचा. साधारण मध्यावर माळावर लॉरेंट नावाचा दुसरा व्हॅम्पायर बेलाला गाठतो आणि झाडीतून ते घोड्याएवढे लांडगे बाहेर पडतात, ते त्याच्या मागं धावले की पॉज. चहा, बाथरूम, भांडणं, सगळं इथं.

शेवटचा सीन चालू असताना कुणाला उठू देऊ नका. एडवर्ड लग्नाचं विचारतो, आणि बेला उत्तर द्यायच्या आत पिक्चर संपतो. मग दोन्ही टीम एकदमच ओरडतात, त्या आवाजाला पर्याय नाही, आवाज बारीक करायचा तो फक्त स्पीकरचा. लगेच 'तिसरा लाव' सुरू होईल. तो आणखी १२४ मिनिटांचा, म्हणजे बारा वाजणार. प्रोजेक्टरची वायर काढून खिशात घाला, झाडू टीम जेकबच्या हातात द्या, सगळ्यात जास्त भडंग त्यांनीच सांडलेला असतो.