मुलांना ब्रिटनला नेताना या चुका टाळा

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर किंवा हेल्थ अँड केअर या नोकरीच्या व्हिसांवर जाणारे बरेच जण आधी एकटेच जातात. नोकरीत बस्तान बसलं, भाड्याचं घर मिळालं की मुलांना बोलवायचं, असा बेत असतो. मग अर्जासाठी पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट्स, घराचा करार असा गठ्ठा जमतो. तो लागतोच. पण होम ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याचा, अधिकारी त्याआधी एक साधी गोष्ट बघतो: या मुलाचे दुसरे पालक कुठे आहेत?

एक पालक तिकडे, एक इकडे

डिपेंडंट, म्हणजे पालकाच्या व्हिसाच्या आधारे जाणाऱ्या, मुलासाठी सर्वसाधारण नियम असा, की आई-वडील दोघेही ब्रिटनमध्ये असले पाहिजेत किंवा मुलाबरोबरच तिकडे निघालेले असले पाहिजेत. एका पालकाचं निधन झालं असेल, मुलाची संपूर्ण जबाबदारी एकट्या पालकावर असेल, किंवा खरोखरच गंभीर कौटुंबिक कारण असेल, तरच सूट मिळते.

म्हणजे आई लीड्सला नर्स, वडिलांची नोकरी पुण्यात, नवरा-बायकोचं उत्तम चाललंय आणि मुलीला फक्त शाळेसाठी आईकडे पाठवायचंय, ही व्यवस्था घरच्या कुणालाही वावगी वाटणार नाही, पण नियमात ती बसत नाही. अशा वेळी लोक वडिलांची नोटरी केलेली एनओसी जोडतात. वडिलांची हरकत नाही एवढंच तिच्यातून कळतं. खरा मार्ग म्हणजे वडिलांनी डिपेंडंट पार्टनर म्हणून मुलीबरोबरच अर्ज करणं. तोही तिकडे एकत्र राहायचं खरोखर ठरलं असेल तरच करावा. शिक्क्यापुरता अर्ज करून लगेच परतायचा बेत असेल, तर त्या भानगडीत पडू नका.

‘खर्च मीच करते’ एवढं पुरत नाही

घटस्फोटित किंवा विभक्त पालकांचे अर्ज अडकतात ते ‘सोल रिस्पॉन्सिबिलिटी’, म्हणजे एकट्या पालकाची संपूर्ण जबाबदारी, या मुद्द्यावर. मूल आजी-आजोबांकडे, आई दरमहा पैसे पाठवते, म्हणजे जबाबदारी आईचीच, असं आपण धरून चालतो. ब्रिटनच्या इमिग्रेशन न्यायाधिकरणाने २००६ सालच्या ‘टीडी (येमेन)’ या निकालात कसोटी वेगळी घालून दिली: मुलाच्या संगोपनावर सतत नियंत्रण कुणाचं आहे आणि महत्त्वाचे निर्णय कोण घेतं? पैसे हा त्यातला एक भाग झाला. रोजचं जेवणखाण, अभ्यास, दवाखाना आजी बघत असेल तर त्याने बिघडत नाही. पण शाळा कोणती, शस्त्रक्रिया करायची की नाही, मूल कुणाकडे राहणार, हे आईच ठरवते असं कागदांवरून दिसलं पाहिजे.

आणि कागद नेमके उलटं बोलतात. शाळेच्या प्रवेश अर्जावर पालक म्हणून मामाची सही असते, प्रगतिपुस्तकावर आजोबांची. आईचा मोबाइल नंबर शाळेकडे नसतोच, कारण ‘ती तिकडे, उगाच तिला कशाला त्रास’. म्हणून परदेशी जाण्याआधीच शाळेत स्वतःचं नाव, ईमेल आणि नंबर नोंदवून घ्या. वर्गशिक्षकांशी ईमेलवर बोला, फी स्वतःच्या खात्यातून भरा, डॉक्टरांच्या कागदांवर संमती तुमची असू द्या. अर्जाच्या आदल्या आठवड्यात शाळेकडून आणलेलं एकच गोडगोड पत्र अधिकाऱ्याला पटत नाही, आणि पटू नयेच.

दुसरा सापळा कौटुंबिक न्यायालयातल्या कन्सेंट टर्म्सचा, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींचा. परस्पर संमतीने घटस्फोट घेताना सगळ्यांना घाई असते. ‘ताबा आईकडे, वडिलांना दर शनिवार-रविवार भेट, शिक्षणाचे निर्णय दोघे मिळून घेतील’ असं लिहून मोकळे होतात. ताब्याच्या ओळीकडे आपलं लक्ष जातं, अधिकाऱ्याचं शेवटच्या ओळीकडे. निर्णय दोघे मिळून घेत असतील तर संपूर्ण जबाबदारी एकट्या आईची कशी? दोन्ही पालक मुलाच्या आयुष्यात असताना एकट्याची संपूर्ण जबाबदारी मान्य होणं अपवादात्मकच, असं तो निकालही सांगतो.

माजी नवऱ्याच्या संमतीपत्राचंही तसंच. वकील चांगल्या हेतूने मजकूर तयार करतात: ‘मी मुलाच्या संगोपनात नेहमीच सहभागी राहिलो आहे, तरी माझी हरकत नाही.’ पहिल्या अर्ध्या वाक्याने अर्ज बुडतो. म्हणून खोटं लिहून घ्यायचं असं मुळीच नाही. वडील खरोखर सहभागी असतील तर सोल रिस्पॉन्सिबिलिटीचा मुद्दा तुमच्यासाठी नाहीच. वकिलाशी बोलून गंभीर कौटुंबिक कारणाचा आधार मिळतो का ते बघा.

एजंटची थाप

केअर वर्कर (वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणारे कर्मचारी) म्हणून गेलात तरी नंतर मुलांना नेता येईल, असं सांगणारे एजंट अनेकांना भेटले आहेत. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर यांना डिपेंडंट नेता येत नाहीत. त्याआधीपासून सलग त्या कामावर असलेल्यांना सवलत आहे. नोंदणीकृत नर्सला हा निर्बंध नाही. विद्यार्थ्यांचंही तसंच: जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या साध्या एमएस्सी-एमबीएला मुलं नेता येत नाहीत, पीएचडीसारख्या संशोधनाच्या अभ्यासक्रमांना येतात.

जन्मदाखला आणि बाकी कागद

मुलाचा जन्मदाखला आजच काढून बघा. बऱ्याच जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्यावं लागतं. आईचं नाव हा आपल्याकडचा खास घोळ. दाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, घटस्फोटानंतर पुन्हा माहेरचं. प्रत्येक बदलाला विवाह प्रमाणपत्र, राजपत्र किंवा न्यायालयाचा हुकूम जोडा. दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतरावर ते अचूक असल्याची खात्री, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क हवा.

टीबी नसल्याचं प्रमाणपत्र होम ऑफिसच्या यादीतल्या दवाखान्याचंच चालतं आणि ते सहा महिने टिकतं. अकरा वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत, पण त्यांनाही न्यावं लागतं.

पैशांचं बघताना आधी स्पॉन्सर कंपनीला, म्हणजे तिकडे नोकरी देणाऱ्या कंपनीला, विचारा: व्हिसासाठी दिलेल्या सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपवर डिपेंडंटच्या खर्चाची हमी दिली आहे का? नसेल तर पहिल्या मुलासाठी ३१५ पाउंड आणि पुढच्या प्रत्येकासाठी २०० पाउंड सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात. आजोबांच्या एफडीवर भिस्त ठेवू नका. हेल्थ अँड केअर व्हिसा नसेल तर हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क) वेगळा, मुलामागे वर्षाला ७७६ पाउंड.

नकार आला तर

नकाराचं पत्र ओळ न् ओळ वाचा. असलेला कागद अधिकाऱ्याने नजरेआड केला असेल तर २८ दिवसांत अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू (निर्णयाची फेरतपासणी) मागता येतो. कागद मुळात नव्हताच, तर रिव्ह्यूत वेळ घालवण्यापेक्षा नवा अर्ज बरा. सरचार्ज परत मिळतो, व्हिसाची फी मिळत नाही. मूल सतराचं झालं असेल तर मात्र कॅलेंडर समोर ठेवूनच ठरवा: वय ऑनलाइन अर्जाची फी भरली त्या दिवशीचं धरतात, आणि आधी डिपेंडंट व्हिसा नसलेल्या मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर हा अर्ज करता येत नाही.