प्रशांत महासागरातल्या बेटांचा नकाशा करताय? या चुका टाळा

मी पहिल्यांदा फिजीचा नकाशा केला तेव्हा स्क्रीनवर बेटं आलीच नाहीत, आली ती एक लांबलचक आडवी पट्टी, ब्राझील, झांबिया, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया सगळ्यांना चिरत नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. मला वाटलं फाईल खराब आहे, म्हणून तीनदा डाऊनलोड केली. फाईल बरोबर होती, चूक माझ्या गृहीतकात होती. तेव्हापासून या महासागराचे जुने-नवे नकाशे बघायचा नादच लागलाय आणि एक गोष्ट पक्की कळलीय, की इथल्या बहुतेक चुका एकाच कारणाने होतात, आपण प्रशांत महासागर मधोमध कापतो आणि त्याचे दोन तुकडे जगाच्या दोन कडांना चिकटवून टाकतो.

१८० अंशावर गोंधळ

१८० अंशाचं रेखावृत्त फिजीच्या ताव्हेउनी बेटावरून जातं. त्याच्या पश्चिमेला रेखांश १७९ आणि पूर्वेला लगेच उणे १७९ (पश्चिम रेखांश उणे लिहितात). माणसाला कळतं की हे दोन अंशांचं अंतर आहे, सॉफ्टवेअरला ते ३५८ अंश वाटतं, आणि मग ती पट्टी येते. याच्याहून वाईट प्रकार म्हणजे देशाच्या नावाचं लेबल मधोमध टाकायला कोणी रेखांशांची सरळ सरासरी काढतो. १७९ आणि उणे १७९ ची सरासरी शून्य! म्हणजे फिजीचं नाव थेट दक्षिण अटलांटिकमध्ये, सेंट हेलेना बेटाच्या पूर्वेला. आणि ही चूक पट्टीसारखी डोळ्यात खुपत नाही, लेबल कुठेतरी समुद्रात शांतपणे पडून राहतं, त्यामुळे जास्त वाईट.

उपाय दोन. फक्त प्रशांतचा नकाशा असेल तर रेखांश ० ते ३६० मध्ये घ्या, म्हणजे उणे १७८ चा १८२ होतो आणि सगळं सलग येतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट करायची पद्धत) ईपीएसजी ३८३२ लावून बघा, ते १५० पूर्व रेखांश मध्यभागी ठेवतं त्यामुळे काप अटलांटिकमध्ये जातो, जिथे या बेटांना काही फरक पडत नाही. दुसरा उपाय, जिओजेसन (नकाशातले आकार साठवायचा एक प्रकार) फाईल इतरांना द्यायची असेल तर आकार १८० वर कापून दोन तुकड्यांत द्या, २०१६ च्या जिओजेसन स्टँडर्डमध्ये हेच सांगितलंय. त्यात बाउंडिंग बॉक्सचं, म्हणजे आकाराभोवतीच्या चौकटीचं, उदाहरणसुद्धा फिजीचंच आहे, पश्चिम कड १७७ आणि पूर्व कड उणे १७८. पश्चिमेचा आकडा पूर्वेपेक्षा मोठा दिसतोय म्हणून बरेच जण तो "दुरुस्त" करून अदलाबदल करतात आणि ५ अंशांच्या चौकटीची ३५५ अंशांची चौकट होते. तसं करू नका, तो आकडा बरोबरच आहे.

वाररेषा सरळ काढणं

आंतरराष्ट्रीय वाररेषा म्हणजे १८० चं रेखावृत्त नव्हे, आणि ती कुठल्या करारानेही ठरलेली नाही. आपल्याकडे कुठला वार धरायचा हे तो तो देश ठरवतो. किरिबातीची बेटं रेषेच्या दोन्ही बाजूंना होती, त्यामुळे देशाच्या दोन टोकांना आठवड्यात कामाचे चारच दिवस सामाईक मिळायचे. १९९५ च्या सुरुवातीला त्यांनी पूर्वेकडची बेटं पश्चिमेच्या वारात आणली, म्हणून त्या ठिकाणी रेषेला एवढा मोठा फुगवटा आहे. आता किरितिमाती बेटावर आणि साधारण त्याच रेखांशावरच्या हवाईत घड्याळ तेच दाखवतं पण तारीख एक दिवसाने वेगळी! सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला, अमेरिकन सामोआने नाही. दोन्हींच्या राजधान्यांमधलं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि तारखेत एक दिवसाचा फरक. तेव्हा नकाशावर वाररेषा दाखवायची असेल तर १९९५ आणि २०११ या दोन्ही बदलांनंतरची घ्या, आणि एखादी जुनी नोंद वाचताना त्या दिवशी तिथे कुठला वार धरत होते ते आधी बघा.

जुन्या नकाशावरचा रेखांश तसाच उचलणं

हा माझा सगळ्यात आवडता विषय म्हणून जरा जास्त लिहितोय. सूर्य किंवा तारा किती उंचीवर आहे ते मोजून अक्षांश काढता यायचा, पण रेखांशासाठी अचूक वेळ हवी आणि समुद्रावर तशी वेळ सांगणारं घड्याळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नव्हतंच. म्हणून जुन्या नोंदींमध्ये अक्षांश बऱ्यापैकी बरोबर आणि रेखांश कुठच्या कुठे असं सारखं दिसतं. मेंडान्या हा स्पॅनिश दर्यावर्दी १५६८ मध्ये सॉलोमन बेटांवर पोचला, १५९५ मध्ये तोच परत शोधायला निघाला तर त्याला स्वतःची बेटं सापडली नाहीत, कारण ती आहेत त्याहून खूप पूर्वेला आहेत असा सगळ्यांचा हिशोब होता. पुढे १७६७ मध्ये कार्टरेट हा इंग्रज कप्तान त्याच भागातून गेला आणि आपण सॉलोमन बेटं बघतोय हे त्याला कळलं नाही.

त्याच सफरीत कार्टरेटने पिटकेर्न बेटाची नोंद केली, क्रोनोमीटर (समुद्रावरचं अचूक घड्याळ) नसल्यामुळे रेखांशात तीन अंशांहून जास्त चूक, म्हणजे साधारण सव्वातीनशे किलोमीटर. बाउंटी या ब्रिटिश जहाजावर बंड केलेले खलाशी १७९० मध्ये तिथे जाऊन राहिले आणि १८०८ पर्यंत बाहेरच्या कुणालाच पत्ता लागला नाही, त्यात या चुकीच्या नोंदीचा मोठा हात होता.

फ्रेंच नकाशा असेल तर आणखी एक गोष्ट तपासा, रेखांश पॅरिसपासून मोजलाय की ग्रीनिचपासून. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रीनिच मान्य झालं पण फ्रान्स तटस्थ राहिला, आणि पॅरिसचं रेखावृत्त पुढेही बरीच वर्षं वापरात होतं. फरक २ अंश २० मिनिटं १४ सेकंद, विषुववृत्तावर तो २६० किलोमीटर होतो! जुना स्कॅन जिओरेफरन्स करताना, म्हणजे खऱ्या कोऑर्डिनेटवर बसवताना, सगळीच बेटं एकाच दिशेला सारखीच सरकलेली दिसली तर आधी नकाशाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा, उगाच एकेक पॉइंट ओढत बसू नका.

"नकाशावर आहे म्हणजे आहे"

न्यू कॅलेडोनियाच्या पश्चिमेला सँडी आयलंड नावाचं चोवीसेक किलोमीटर लांबीचं बेट कितीतरी नकाशांवर होतं, १८७६ मध्ये एका व्हेलशिकारी जहाजाने कळवलेलं. २०१२ मध्ये सदर्न सर्व्हेयर हे ऑस्ट्रेलियन संशोधन जहाज तिथून गेलं तर खाली साधारण १४०० मीटर पाणी. फ्रेंच चार्टवरून (जहाजांसाठीच्या नकाशावरून) ते आधीच काढलेलं होतं, पण जुन्या चार्टवरून बनवलेल्या डिजिटल किनारपट्टीच्या डेटात शिरलं आणि एका डेटासेटमधून दुसऱ्यात जात राहिलं. म्हणून नकाशाच्या दोन लेयरमध्ये (थरांमध्ये) बेट दिसतंय एवढ्याने खात्री होत नाही, कारण दोन्ही लेयर एकाच जुन्या चार्टवरून आलेले असू शकतात. सॅटेलाइट फोटो उघडा, खोलीचा डेटा बघा.

उलटंही होतं. टोंगामध्ये २०१४-१५ च्या उद्रेकात हुंगा टोंगा आणि हुंगा हाआपाई या दोन बेटांना जोडणारी नवी जमीन तयार झाली, आणि जानेवारी २०२२ च्या स्फोटात जवळपास सगळी गेली. अशा ठिकाणी किनाऱ्याच्या लेयरला तारीख लावलीच पाहिजे.

नावं आणि उच्चार

क्रिसमस आयलंड दोन आहेत, एक हिंदी महासागरातलं, जे ऑस्ट्रेलियाकडे आहे, आणि दुसरं किरिबातीमधलं किरितिमाती, जिथे इंग्रज दर्यावर्दी कुक १७७७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पोचला. नुसतं नाव टाकून कोऑर्डिनेट काढले तर बहुतेक वेळा चुकीचं बेट हातात येतं. जुन्या पुस्तकात एलिस बेटं दिसली तर ते आताचं तुवालू, गिल्बर्ट बेटं म्हणजे किरिबातीचा पश्चिम भाग, न्यू हेब्रिडीज म्हणजे व्हानुआतू, सॅव्हेज आयलंड म्हणजे निउए.

मराठीत लिहिणाऱ्यांना माझी खास विनंती, रोमन स्पेलिंग बघून नाव लिहू नका. किरिबातीच्या भाषेत 'ति' चा उच्चार 'स' होतो, म्हणून तो देश बोलताना किरिबास आणि ते बेट किरिस्मस. (मी वर छापील नावं ठेवलीत, म्हणजे नकाशात शोधायला सोपं जाईल.) फिजीचं विमानतळ असलेलं गाव नाडी नाही, नांदी. सामोअन भाषेतला 'ग' दिसणारा आवाज 'ङ' असतो, म्हणून पागो पागो नाही, पांगो पांगो. देवनागरीत हे सगळे आवाज आहेत, मग इंग्रजीच्या मर्यादा आपण का घ्यायच्या?

टिंब आणि वर्तुळ

किरिबातीची जमीन ८११ चौरस किलोमीटर आणि समुद्री आर्थिक क्षेत्र (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा, मासेमारीचे हक्क असलेला समुद्र) सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर. फक्त जमीन दाखवली तर देश दिसतच नाही, आणि समुद्री हद्द जाड रेषेने काढली तर वाचणाऱ्याला तो केवढा मोठा भूभाग वाटतो. हद्दीची रेषा तुटक ठेवा, आत रंग भरू नका. एकट्या छोट्याशा बेटाभोवती २०० सागरी मैलांचं वर्तुळ काढलं तरी क्षेत्रफळ चार लाख चौरस किलोमीटरच्या वर जातं, या देशांना मासेमारीच्या हक्कांचं एवढं महत्त्व का आहे ते यातून कळतं.

"कुकने शोधलं" असं लिहिणं

या बेटांवर लोक शेकडो, काही ठिकाणी हजारो वर्षं राहत होते आणि त्यांच्याकडे स्वतःचे नकाशे होते. ताहितीजवळच्या रायातेया बेटावरचा जाणकार दर्यावर्दी तुपाइया १७६९ मध्ये कुकच्या जहाजावर चढला, त्याच्या माहितीवरून काढलेल्या नकाशात ७४ बेटं आहेत. वर उत्तर, खाली दक्षिण असं धरून तो वाचला की बेटं चुकलेली दिसतात, म्हणून बरीच वर्षं लोक त्याला गोंधळलेला म्हणत आले. पण आपल्या पद्धतीची मोजपट्टी त्याला लावणं हीच पहिली चूक. मार्शल बेटांवरचे काड्यांचे नकाशे बघा, त्यात शिंपल्या म्हणजे बेटं आणि वाकवलेल्या काड्या म्हणजे बेटावर आपटून वळणाऱ्या लाटा. ते किनाऱ्यावरच पाठ करायचे आणि होडीत न नेता निघायचं, समुद्रावर मग लाटेचा हेलकावा अंगाने ओळखायचा. अशा नकाशाचा स्कॅन मी एकदा जिओरेफरन्स करायला घेतला होता, चार कंट्रोल पॉइंट (जुळवणीच्या खुणा) टाकल्यावर लक्षात आलं की त्यात अंतर मोजलेलंच नाहीये, समुद्र कसा हलतो ते मांडलंय, आणि मी तो लेयर काढून टाकून चित्र तसंच नकाशाच्या बाजूला लावलं.