कामावर अपघात झाल्यास भरपाई कशी मागावी

साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात प्रेस मशीनखाली बोट सापडले की कामगाराला घाईघाईने दवाखान्यात नेले जाते आणि तिथे ‘घरी दारात बोट चेंगरले’ असे सांगितले जाते. हे कदापि होऊ देऊ नका, कारण पहिल्या केसपेपरवरचे ते एक वाक्य पुढे तुमच्याच विरोधात उभे राहते. अपघाताची जागा आणि वेळ नमूद करून मालकाला लेखी कळवा व प्रतीवर पोच घ्या. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून मिळतो. नसेल, तर मालकाविरुद्धचा दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. ठेकेदाराकडे असलात तरी मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मात्र देऊ नका.