जुन्या लाकडी कपाटाचा वास जाता जात नाही? या चुका टाळा

जुन्या कपाटाला पॉलिश असतं ते बाहेरून. आतल्या बाजूला, खणांच्या तळाला आणि पाठीच्या फळीला बहुतेक वेळा काहीच लावलेलं नसतं, आणि वास मुरतो तो या कोऱ्या लाकडात. म्हणून बाहेरून कितीही पुसलं तरी दार उघडल्यावर तोच भपकारा येतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वासावर वास चढवणं. कापूर, अत्तर, कॉफी यांनी चार दिवस बरं वाटतं. पुढे दोन्ही वास मिसळतात आणि मूळ वास कशाचा होता तेही ओळखू येत नाही. आधी तेच ओळखा.

सोलापुरात चादरी ठेवलेल्या कपाटांत हमखास सापडतो तो डांबरगोळ्यांचा वास. या गोळ्या न वितळता थेट वाफ होतात आणि ती वाफ लाकडात शिरते. ती धुऊन निघत नाही, ऊब आणि वाऱ्यानेच बाहेर पडते. खण काढा, दारं उघडी टाका, टेबलफॅन थेट आत लावा. जुन्या वासाला काही आठवडेही लागतात. चादरी वेगळ्या धुऊन वाळवा, नाहीतर वास त्यांच्याबरोबर परत येतो.

पण ऊब हवी म्हणून कपाट मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर नेऊ नका! चाळीस अंशांवरच्या उन्हात फळ्या तडकतात, सांधे सुटतात, सनमायका आणि व्हिनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) उचलतात. सकाळचं ऊन तासभर पुरे, नंतर सावली आणि वारा.

कुबट वास असेल तर बादलीभर पाणी ओतू नका, लाकूड फुगतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, फडकं घट्ट पिळून पुसा आणि दोन दिवस पूर्ण वाळू द्या. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. कपाट ओल्या भिंतीला टेकलेलं असेल तर ते दोन-तीन इंच पुढे ओढा. ओल तशीच राहिली, तर सप्टेंबरच्या पावसात वास परत येणारच.

उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ श्वासात जाते. मास्क लावून आधी ओल्या करा, मग उचला. मूत मुरलेली पातळ प्लाय बदलणंच स्वस्त पडतं.

आतून खोबरेल चोळण्याचा सल्ला ऐकू नका. ते कालांतराने खवट होतं.

एवढं करूनही वास उरला तर लाकूड बंद करायचं. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा, धूळ पुसा, लाखेच्या स्पिरिट पॉलिशचे दोन पातळ हात द्या. दोन हातांमध्ये दोनेक तास ठेवा. जवळ गॅस, दिवा, उदबत्ती नको. लाकूड ओलं असताना किंवा डांबरगोळ्यांचा वास पुरता निघायच्या आधी हा हात मारला, तर ओल आणि वास आतच कोंडतात.

काम झाल्यावर रिकामं कपाट एक दिवस बंद ठेवा आणि मग उघडून वास घ्या. स्पिरिटशिवाय दुसरा कसलाही वास आला, तर चादरी अजून आत ठेवू नका.