कूट, दूध, अंडं, तीळ वर्ज्य: ॲलर्जीच्या मुलाचं ताट वाढताना या चुका टाळा

सोलापुरात शेंगदाणा चुकवायचा म्हणजे भरलं वांगं, कोशिंबीर, उसळ, शेंगापोळी, उपवासाची आमटी आणि कडक भाकरीसोबतची चटणी एवढं सगळं एका दमात बाजूला ठेवावं लागतं. त्यात दूध, अंडं आणि तिळाचंही वावडं निघालं की घरचे घाबरतात आणि आणखी पाच-सहा पदार्थ स्वतःहून बंद करून टाकतात. वर्ज्य पदार्थांची यादी तपासून घेतलेली आणि शक्य तितकी आखूड हवी. पण यादीत जे आहे ते चिमूटभरही पोटात जाता कामा नये. बऱ्याच घरांत याच्या उलट चालतं: यादी लांबलचक आणि अंमल ढिला.

रिपोर्ट बघून ताट रिकामं करणं

रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीत एखादा पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ आला, म्हणजे शरीरात त्याविरुद्धची आयजीई (ॲलर्जीशी संबंधित) प्रतिपिंडं सापडली, एवढंच. तो खाल्ल्यावर त्रास होईलच असं त्यातून सिद्ध होत नाही. मूल रोज तुरीचं वरण निवांत खातंय आणि रिपोर्टात तूर आली, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वरण बंद करू नका. रोज पचणारा पदार्थ महिनोन्‌महिने बंद ठेवला, तर ती सहनशक्ती जाऊ शकते आणि पुढे तोच पदार्थ खाल्ल्यावर खरा त्रास होऊ शकतो. शे-दोनशे पदार्थांची आयजीजी (वेगळ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची) चाचणी करून मिळणारी लांब यादी तर ॲलर्जी ओळखायला निरुपयोगी आहे. त्यावर पैसे घालवू नका.

डॉक्टरांना जास्त उपयोग होतो तो वहीचा. काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता, किती मिनिटांनी काय दिसलं, त्या दिवशी ताप होता का, खाल्ल्यावर मूल पळापळी करत होतं का, हे लिहून ठेवा. ताप आणि व्यायाम यांनी एरवी सोसणारं प्रमाणही बाधू शकतं. नेहमीच्या ॲलर्जीची लक्षणं काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात. दर वेळी एकाच पदार्थानंतर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या होत असतील, तर तो वेगळा प्रकार असू शकतो आणि त्यात आयजीई चाचणी कोरी येऊ शकते. त्वचेची चाचणी ठरली असेल, तर त्याआधी सेट्रीझीनसारखी ॲलर्जीची औषधं किती दिवस थांबवायची ते विचारा. साधारण आठवडाभर थांबवायला सांगतात.

शेंगदाणा द्विदल म्हणून सगळ्या डाळी बंद करणं हीसुद्धा नेहमीची चूक. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली बहुतेक मुलं तूर, मूग, मसूर खाऊ शकतात. हरभऱ्याची ॲलर्जी आपल्याकडे दिसते, पण ती वेगळी तपासायची.

दुधाच्या बाबतीत घोटाळा दुसराच. गाईचं चालत नाही म्हणून शेळीचं किंवा म्हशीचं देतात. त्यांतली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की त्या मुलांपैकी बहुतेकांना तेही बाधतं. ‘लॅक्टोज-फ्री’ दूध दुधातली साखर न पचणाऱ्यांसाठी असतं. प्रथिन त्यात तसंच राहतं. तुपातही दुधाच्या प्रथिनाचा अंश उरतो, म्हणून तीव्र ॲलर्जी असेल तर भाकरीवरचा तुपाचा थेंबही डॉक्टरांना विचारूनच.

गिरणी, घाणा, डंक आणि मिक्सर

घरात वर्ज्य पदार्थ आणलाच नाही, तरी मुलाच्या अंगावर गांध्या का उठतात, याचं उत्तर बहुधा घराबाहेरच्या यंत्रांत सापडतं.

लाकडी घाण्याचं तेल सोलापुरात आवडीनं घेतात. घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिन उरतं, त्यामुळे ते बादच. पर्याय म्हणून करडईचं तेल उत्तम, जिल्ह्यात करडई पिकतेही. पण त्याच घाण्यावर सकाळी शेंगदाणा, दुपारी तीळ आणि मग करडई गाळली असेल, तर करडईच्या तेलात आधीच्या पेंडीचा अंश उतरतो. अशा मुलासाठी कारखान्यातलं रिफाइंड करडई किंवा सूर्यफूल तेल, सीलबंद पॅकमध्ये घ्या. सुटं तेल नको.

गिरणीचंही तसंच. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ज्वारीची भाकरी म्हणजे वरदान; पण ज्वारी गव्हामागोमाग दळली तर पहिल्या किलो-दोन किलोत गव्हाचं पीठ येतंच. ‘आधी थोडं दळून बाजूला काढा’ हा उपाय अर्धवट आहे, कारण जात्याच्या पाळीत आणि पिशवीच्या तोंडाशी पीठ अडकून राहतं. ॲलर्जी तीव्र असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. गव्हाचा आणखी एक छुपा मार्ग म्हणजे हिंग. डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवरची घटकांची ओळ वाचा, नाहीतर फोडणी हिंगाविना करा.

काळ्या मसाल्यात तीळ आणि खोबरं असतं. तीळ वर्ज्य असेल तर मसाला घरीच भाजून स्वतःच्या मिक्सरमध्ये करा. डंकावर दिलेला मसाला आधीच्या गिऱ्हाइकाच्या तिळासकट परत येतो. विकतच्या जवसाच्या किंवा कारळ्याच्या चटणीचंही असंच: ती ज्या उखळात किंवा यंत्रात कुटली जाते, त्यातच बहुधा शेंगाचटणीही कुटलेली असते. पाकिटावर ‘जवस चटणी’ लिहिलंय म्हणून ती सुरक्षित ठरत नाही.

घरात मुलासाठी मिक्सरचं एक भांडं वेगळं ठेवा. पात्याखालच्या रबरी वायसरच्या खाचेत कूट अडकतं आणि ते नुसतं विसळून जात नाही. लाकडी पोळपाट, उलथनं, खलबत्ता यांच्या चिरांमध्येही अंश राहतो. या वस्तूही वेगळ्या हव्यात. स्टीलची भांडी साबणानं घासली की पुरतं. तळणीचं तेल वेगळंच. हात धुवायला साबण आणि पाणी लागतं. सॅनिटायझरनं जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं.

‘शेंगदाणे आहेत का?’ असं विचारणं

हॉटेलात किंवा लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न विचारला की ‘नाही’ असंच उत्तर येतं, कारण विचारलेल्याच्या डोळ्यांपुढे अख्खे दाणे असतात. त्याऐवजी विचारा: रस्सा कशानं दाट केलाय? फोडणी कुठल्या तेलाची? भजी कशात तळली? याच तव्यावर आणखी काय भाजता? पहिल्या प्रश्नाला ‘कूट’ किंवा ‘काजू पेस्ट’ असं उत्तर लगेच मिळतं. आचाऱ्याला स्वतः भेटा, वाढप्यावर विसंबू नका. चटणीचा चमचा ताटाताटांत फिरतो, त्यामुळे मुलाचं ताट आधी, कोऱ्या भांड्यातून, घरच्याच हातानं वाढून घ्या. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं आहेत. वर्ज्य पदार्थांचं छोटं कार्ड या भाषांत लिहून घेतलं तर शेजारी आणि शाळेतल्या मावशींनाही कळतं.

वर्षातला सगळ्यात अवघड आठवडा संक्रांतीचा. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिळगूळ, हुरड्यासोबतची शेंगाचटणी आणि सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, सगळं एकदमच येतं. तिळगूळ हातावर ठेवणाऱ्याला नाही म्हणणं लहान मुलाला जमत नाही. त्याच्या खिशात घरचे खोबरं-गुळाचे लाडू द्या, म्हणजे देवघेव होते आणि तोंडातही घरचंच जातं. आषाढी-कार्तिकीला उपवासाचं जवळपास सगळंच कुटात बुडालेलं असतं. मुलाची साबुदाणा खिचडी ओल्या खोबऱ्यावर वेगळ्या कढईत करा. प्रसादाचा पेढा, पंचामृत, शेंगदाणा-गूळ घरी आणून ‘नंतर बघू’ म्हणायचं, असा नियम ठेवा.

पाकीटबंद पदार्थाच्या लेबलवर एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या नियमांनुसार दूध, अंडं, शेंगदाणा, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, ग्लूटेनची धान्यं, मासे, कोळंबीवर्गीय प्राणी आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांची ॲलर्जीसूचना द्यावी लागते. तीळ आणि मोहरी त्या सक्तीच्या यादीत नाहीत. म्हणून तिळासाठी सूचनेची चौकट पुरत नाही, घटकांची सगळी ओळ वाचावी लागते. दुधाची टोपणनावं: केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स, मावा. पाव, खारी, टोस्ट यांवर चकाकीसाठी दूध किंवा अंडं लावलेलं असू शकतं. सुट्या बेकरी मालाला लेबल नसतंच. नेहमीच्या बिस्किटाचं लेबलही प्रत्येक खरेदीला नव्यानं वाचा, कारण घटक बदलतात.

बंद केलं, पण भरून काढलं नाही

इथे सगळे प्रथिनांची काळजी करतात आणि खरी तूट दुसरीकडेच असते. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० ग्रॅम तूर किंवा मूग डाळीतून सुमारे ११ ग्रॅम आणि ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात. म्हणजे मूल भाकरी-वरण नीट खात असेल तर हिशेब जुळतो. ‘मुलांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या प्रोटीन पावडरींत बहुधा व्हे असतं, म्हणजे दूधच.

तूट पडते ती उष्मांक, कॅल्शियम आणि बी-१२ ची. दोन कप दूध (४०० मिली) आणि दोन मोठे चमचे कूट बंद झालं की सुमारे ३८० कॅलरी गेल्या. या वयाची दिवसाची गरज १,३५० च्या आसपास असते. भरपाई अशी: दिवसभरात चार छोटे चमचे जास्तीचं तेल (भाकरीवर, भातावर, वरणात), १५ ग्रॅम सुकं खोबरं आणि एक केळं. एवढ्यात ३५० पर्यंत पोचतो. भाकरीवर कच्चं तेल आणि मीठ-तिखट हा जुना प्रकार इथे फार कामाचा आहे.

कॅल्शियमची गरज ५५० मिलिग्रॅम. ४० ग्रॅम नाचणीच्या पिठातून १४० च्या आसपास, ५० ग्रॅम शेवग्याच्या किंवा राजगिऱ्याच्या पाल्यातून १५० च्या आसपास. मुलं पाला रोज एवढा खात नाहीत हे उघड आहे, आणि खाल्ला तरी निम्मंच भरतं. त्यामुळे गोळी किंवा सिरप लागतंच. ते घेताना ‘एलिमेंटल कॅल्शियम’चा आकडा बघा: ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटात प्रत्यक्ष कॅल्शियम २०० मिलिग्रॅमच असतं. लोहाचं औषध चालू असेल तर दोन्ही एका वेळी देऊ नका. नारळाचं किंवा बदामाचं ‘दूध’ रंगानंच दूध. प्रथिन नाममात्र, आणि वरून घातलेलं नसेल तर कॅल्शियमही नाही.

शाकाहारी घरात दूध आणि अंडं दोन्ही बंद असेल, तर आहारात बी-१२ चा भरवशाचा स्रोत उरत नाही. त्याचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या, ‘पालेभाज्यांतून मिळेल’ यावर राहू नका. वजन दर महिन्याला आणि उंची दर तीन महिन्यांनी तक्त्यावर टिपा. एक वर्षाखालच्या बाळाचं दूध मात्र घरच्या पर्यायांवर अजिबात सोडू नका. त्यासाठी वेगळं औषधी फॉर्म्युला लागतं.

कुटाच्या जागी चटणी हवी तर अर्धी वाटी जवस तडतडेपर्यंत भाजा, अर्धी वाटी सुकं खोबरं, आठ-दहा लसूण पाकळ्या, दीड चमचा तिखट, मीठ घालून मुलाच्या मिक्सरमध्ये भरड काढा. जवस मुलानं आधी खाल्ला नसेल तर पहिल्यांदा डॉक्टरांना विचारा. मग अगदी थोडा, सकाळच्या वेळी, घरात मोठं माणूस असताना द्या आणि पुढचे तीन दिवस दुसरा नवा पदार्थ आणू नका.

‘पित्त उठलंय’ म्हणून आमसूल लावणं

खाल्ल्यानंतर गांध्या उठल्या आणि त्याबरोबर खोकला, घरघर, आवाज बसणं, वारंवार उलटी, चेहरा पांढरा पडणं किंवा मूल गळून जाणं यातलं काहीही दिसलं, तर ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका, समजा. कधीकधी गांध्या उठतच नाहीत. आमसुलाचं पाणी आणि सेट्रीझीन दोन्हींनी श्वास मोकळा होत नाही. औषध एकच, ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला १ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या ॲम्प्यूलमधून ०.१५ मिली. पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून ॲम्प्यूल आणि १ मिलीची सिरिंज डॉक्टरांकडून लिहून घ्या, टोचायची रीत त्यांच्यासमोर करून बघा आणि वजन वाढेल तशी मात्रा बदलून घ्या. मुलाला आडवं ठेवा, पाय उंच. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका आणि चालवू नका. १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबा, कारण लक्षणं परत उलटू शकतात. दमा असलेल्या मुलाचा पंप नियमित हवा; दमा आटोक्यात नसेल तर झटका जास्त जोराचा येतो.

ॲड्रिनलिन २५ अंशांखाली, अंधारात ठेवायचं असतं. सोलापूरचा मे महिना बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा. स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत ते ठेवू नका, फ्रीजरमध्येही नको. प्रवासात जाड पिशवीत, बर्फाला थेट न लागेल असं न्या. रंग गुलाबी-तपकिरी झाला किंवा गढूळ दिसलं की फेकून द्या.

सवय लावू म्हणून थोडं थोडं चाखवणं

आजी-आजोबांच्या मायेतून हे होतं, आणि सगळ्यात धोक्याचं हेच. मोजून मात्रा वाढवत नेण्याचा उपचार आहे, पण तो तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. दूध आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयात जाते, शेंगदाण्याची साधारण पाचांतल्या एकाची. म्हणून वर्षातून एकदा फेरतपासणी करा. दूध किंवा अंडं केकमध्ये भाजलेलं असेल तर काहींना चालतं, पण तो प्रयोगही दवाखान्यातच.

धाकट्या भावंडाला भीतीपोटी शेंगदाणा लांबवू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लीप या ब्रिटिश अभ्यासात जास्त जोखमीच्या बाळांना लवकर शेंगदाणा सुरू केल्यावर त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. डॉक्टरांना विचारून, सहा महिन्यांच्या सुमारास, पातळ पेस्ट करून द्यायचा. अख्खा दाणा पाच वर्षांखाली नको, घशात अडकतो. थोरल्याला शेंगदाणा वर्ज्य असेल तर बाळाला भरवणं वेगळ्या वाटीत, आणि लगेच साबणानं हात-तोंड धुवायचं. तपासणीनंतर थोरल्याला एखादा पदार्थ मोकळा झाला, तर तो डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात दर आठवड्याला ताटात यायलाच हवा. चार महिने विसरून एकदम दिला तर पुन्हा उलटू शकतो.